पॉइंट आठचा तोरा

माझी उंची १६५.१ सेंटीमीटर आहे. त्यातला शेवटचा पॉइंट एक सोडायला मी आजवर तयार झालेलो नाही. पाच फूट पाच इंच म्हणजे पासष्ट इंच, त्याला २.५४ ने गुणलं की कॅल्क्युलेटर हाच आकडा दाखवतो, आणि गणिताने खुशीने दिलेली वस्तू संकोचापोटी परत करण्याचा माझा स्वभाव नाही. मूळची पाच फूट पाच इंचांची नोंद कॉलेजात एन.सी.सी.च्या भरतीच्या वेळी झाली. भिंतीवर खडूची रेघ होती, माझ्या पायात बूट होते आणि डोक्यावर भरपूर केस होते. त्यातलं काय काय आता शिल्लक आहे, हे कुठल्याही फॉर्मवर विचारत नाहीत.

वजनाला मी हा नियम लावत नाही. काटा ७८.६ दाखवतो, मी ‘पंचाहत्तरच्या आसपास’ सांगतो. वय सांगताना खालच्या दशकापर्यंत राउंड करतो. दहावीचे टक्के ७४.५७ होते, तिथे मात्र एकही दशांश स्थळ सांडू देत नाही. ‘चौऱ्याहत्तर’ म्हटलं तर मुलगा बेताचा वाटतो, ‘चौऱ्याहत्तर पॉइंट सत्तावन्न’ म्हटलं की निदान पेपर तरी नीट तपासले होते असं वाटतं.

कुठे किती दशांश ठेवायचे हे मी असं माझी सोय पाहून ठरवतो. आणि पोटापाण्यासाठी मी लोकांना नेमकं हेच शिकवतो. अमेरिकेतून आलेल्या पंपांची, कॉम्प्रेसरांची, करवतयंत्रांची माहितीपुस्तकं इकडच्या वापरासाठी तयार करायची, त्यातले फूट, पौंड, गॅलन आणि फॅरनहाइट काढून तिथे मीटर, किलो, लिटर आणि सेल्सिअस बसवायचे, हा माझा धंदा. हे बसवण्याचं काम आता भाषांतराचं यंत्र करतं. मी त्याच्या मागून जातो आणि त्याने सांडलेले दशांश वेचतो.

सांडतात म्हणजे किती? मूळ पुस्तकात लिहिणारा माणूस सहज म्हणून गेलेला असतो, की बाबा, यंत्राभोवती सुमारे फूटभर जागा सोड. आपल्याकडे ते उतरतं असं : ‘यंत्राभोवती सुमारे ३०४.८ मिलिमीटर जागा सोडावी.’ या वाक्यातला ‘सुमारे’ पाहून मला त्याची दया येते. सुमारे, आणि पुढे पॉइंट आठ! म्हणजे बोलणारा म्हणतो, मला नक्की सांगता येणार नाही, पण एका कागदाच्या जाडीएवढीही चूक झाली तर मी खपवून घेणार नाही. दुसऱ्या एका पुस्तकात ‘दहा-एक फुटांवरून फवारा मारा’चं ‘३.०४८ मीटर अंतरावरून फवारा मारावा’ झालं होतं. फवाऱ्याचे थेंब स्वतः मीटरभर इकडेतिकडे उडत होते, पण उभं राहणाऱ्याने मात्र मिलिमीटर सांभाळायचा. आणि माझं सगळ्यात लाडकं : ‘हाताला कोमट लागेल इतपत (३७.७८ अंश सेल्सिअस) पाणी वापरावं.’ ज्याच्या हाताला ३७.७८ कळतं त्याने फिल्टर धूत बसू नये, नाडीपरीक्षा सुरू करावी.

असं काही सापडलं की माझ्या अंगात येतं. मीटिंगमध्ये मी आधी चष्मा काढून पुसतो. मग कुणाकडेही न पाहता विचारतो, ‘यात सिग्निफिकंट फिगर्स किती?’ तरुण इंजिनिअर एकमेकांकडे बघतात. त्यांना हे अकरावीच्या फिजिक्सच्या पहिल्या-दुसऱ्या धड्यात शिकवलेलं असतं आणि पोरं तो धडा ऑप्शनला टाकतात. मला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच मी विचारतो.

पण खरं सांगायचं तर दशांशाचा मोह एकट्या यंत्राला नाही, तो माणसाला आधीपासून आहे. गोल आकड्यावर आपला विश्वासच बसत नाही. एव्हरेस्टची उंची १८५६ साली जाहीर झाली ती २९,००२ फूट. त्या मोजणीच्या गणितात राधानाथ सिकदारांचा मोठा वाटा. हिशेबाचं उत्तर बरोब्बर २९,००० आलं होतं, पण लोक म्हणतील यांनी अंदाजे ठोकून दिलं, म्हणून वरचे दोन फूट जोडले, अशी आख्यायिका सर्वेक्षणाच्या गोष्टींमध्ये नेहमी सांगितली जाते. खरी असो, खोटी असो, सांगणाऱ्याला माणसाची नस सापडलेली आहे. दोन फूट वाढवले की डोंगर उंच होत नाही, मोजणारा उंच होतो. माझ्या पॉइंट एकचंही तेच.

घरातल्या थर्मामीटरचंच बघा. अंग सकाळी थोडं थंड असतं, संध्याकाळी थोडं गरम, माणसामाणसाचं निराळं. वुंडरलिश नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८६८ मध्ये अगणित रोग्यांच्या नोंदींवरून निरोगी माणसाचं सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस सांगितलं. सरळ, गोल, सोयीचा आकडा. तो फॅरनहाइटमध्ये नेला की ९८.६ होतो. सदतिसाला कुणी घाबरलं नसतं, पण त्या पॉइंट सहाने घराघरात दहशत बसवली. माझ्या आईच्या लेखी ९९ म्हणजे ‘चार पॉइंट ताप’ होता, आणि त्या चार पॉइंटांवर माझ्या शाळेच्या कितीतरी रजा मंजूर झाल्या. तेव्हा दशांशांचे उपकार मी विसरलेलो नाही.

हे सगळं तरुण मंडळींना सांगायचं तर ते म्हणतात, ‘सर, पण कन्व्हर्जन तर करेक्ट आहे ना? फूट म्हणजे ३०४.८ हे एक्झॅक्ट आहे.’ आहेच. इंग्रजी बोलणाऱ्या सहा देशांनी १९५९ मध्ये एकत्र बसून इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो असं ठरवून टाकलं, त्यात आता उन्नीस-बीस नाही. पण गुणक अचूक असला म्हणून ज्याला गुणलं तो आकडा अचूक होत नाही. ‘फूटभर’ लिहिणाऱ्याने टेप लावलेला नव्हता, हात पसरून दाखवलं होतं. त्याला माहीत नव्हतं ते आपण भाषांतरात त्याच्या तोंडी घालतो. दशांश चिन्हापुढचा प्रत्येक अंक म्हणजे एक दावा असतो : मला इथपर्यंत माहीत आहे. मूळ लेखकाने जेवढे दावे केले तेवढेच आपण करावेत. त्याच्यापेक्षा जास्त केले तर ती थाप. आणि कमी केले तर? तर तीही थापच, दुसऱ्या बाजूची.

या दुसऱ्या बाजूची थाप आपल्याकडे सातबाऱ्यावर नांदते. बोलण्यात जमीन गुंठ्यात, उताऱ्यावर हेक्टर-आरमध्ये, आणि व्यवहारात सगळे म्हणतात, ‘गुंठा काय नि आर काय, एकच.’ आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. झाडाखाली बसून बोलताना तो १.१७ सोडून द्यायला हरकत नाही. पण चाळीस गुंठ्यांचा एकर होतो, तेव्हा तो फरक ४६.८६ चौरस मीटरवर जातो. पाचशे चौरस फूट! मुंबईत एवढ्या जागेत एक कुटुंब संसार करतं आणि वर पाहुण्यांना सोफा-कम-बेड देतं. भावाभावांत वाटणी करताना हे दशांश गाळणारा माणूस एक तर साधुपुरुष असतो किंवा मोठा भाऊ.

तेव्हा आकड्याला आधी त्याची जात विचारावी लागते. गप्पांतला आहे का? मग गोल कर, फूटभराचे ३० सेंटीमीटर कर आणि पुढे चल. मोजलेला आहे का? मग ज्या टेपने मोजला त्या टेपच्या खुणेइतके अंक ठेव. मर्यादा आहे का? मग जपून. ‘जास्तीत जास्त २५० पौंड’ याचे ११३.३९८ किलो होतात. शाळेत शिकवल्याप्रमाणे ते ११३ होतील, पण कुणाला पाचाच्या पटीचा सोस असेल आणि त्याने ११५ छापले, तर दीड किलो जास्तीचं ओझं साखळीने उचलायचं, की छापणाऱ्याने? कमाल मर्यादा नेहमी खाली गोल करायची, किमान मर्यादा वर. पुलाखालची मोकळी उंची १४ फूट ६ इंच, म्हणजे ४.४२ मीटर असेल, तर पाटीवर ४.४ लिहायचं. साडेचार लिहिणाऱ्याने पाटीशेजारी क्रेनवाल्याचा नंबरही लिहावा.

आणि तापमानातला फरक हा तर खास सापळा. ‘तापमान ५ अंश सेल्सिअसने वाढलं’ याचं यंत्राने केलेलं रूपांतर मी छापील पाहिलं आहे : ‘४१ अंश फॅरनहाइटने वाढलं.’ पाच अंश सेल्सिअस या तापमानाला थर्मामीटर ४१ फॅरनहाइट दाखवतो हे खरं, पण पाच अंशांची वाढ म्हणजे फॅरनहाइटमध्ये नऊ अंशांची. तिथे बत्तीस मिळवायचे नसतात. वाढीला बत्तीस मिळवणारे लोक पगारवाढीच्या खात्यात का नसतात, हे मला कधी कळलं नाही.

कुणीतरी या टप्प्यावर हात वर करून कॅनडातल्या त्या विमानाची गोष्ट काढतंच. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७, मॉन्ट्रियलहून एडमंटनला निघालेलं. हवे होते २२,३०० किलो इंधन, भरलं त्याच्या निम्म्याहून कमी, कारण लिटरचं वजन करताना किलोचा ०.८ हा गुणक वापरायच्या जागी पौंडाचा १.७७ वापरला. आकाशात दोन्ही इंजिनं बंद पडली, आणि वैमानिकाने ते अजस्र धूड ग्लायडरसारखं तरंगवत गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. माणसं वाचली. गोष्ट थरारक आहे, आणि लोक ती काटेकोरपणाचं महत्त्व पटवायला सांगतात. मी मात्र उलट सांगतो. १.७७ हा किती काटेकोर दिसतो बघा! दोन दशांश स्थळं. आणि ०.८ किती गावंढळ. गावंढळ आकडा बरोबर होता, इस्त्रीचा आकडा चुकीचा. एकक चुकलं तर कितीही दशांश लावा, विमान खालीच येतं. एवढं बोलून मी पुन्हा चष्मा पुसतो.

आता विषय निघालाच आहे, तर नव्या पैशांचं सांगतो. विषय निघालेला नाही हे मला दिसतं आहे, मीच काढतो आहे. आमच्या घरी नव्या पैशांचं नाव काढलं की बायको उठून कुकर लावायला जाते, मग वेळ कोणतीही असो.

१ एप्रिल १९५७. तारीख सरकारने निवडलेली, मी नाही. त्या दिवसापर्यंत रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पया. चवली, पावली, अधेली ही पोरांच्या तोंडी असलेली नाणी. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे. जुनी नाणी लगेच रद्द झाली नाहीत, दोन्ही बाजारात एकत्र फिरत राहिली. आता हिशेब करा. शंभर भागिले सोळा, म्हणजे एक आणा बरोबर सव्वासहा नवे पैसे. सव्वासहा! सरकारपुढे माझ्यासारखा कुणी बसला असता तर त्याने लगेच सुचवलं असतं, की पाव नव्या पैशाचं एक नाणं पाडा, अचूकता महत्त्वाची. सुदैवाने तिथे शहाणी माणसं बसली होती. त्यांनी तक्ताच छापला : एक आणा म्हणजे ६, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९, चार आणे म्हणजे २५.

हा तक्ता मला अक्षरशः पाठ आहे आणि त्याच्याकडे मी तासन्तास बघू शकतो. एक आण्याला पाव पैसा सोडला, दोन आण्यांना अर्धा सोडला, तीन आण्यांना पाव उलट घेतला, आणि चार आण्यांना हिशेब चोख. गिऱ्हाइकाने आण्याआण्याने चार वेळा काही घेतलं तर चोवीस, एकदम पावलीचं घेतलं तर पंचवीस. खालच्या घरात तर आणखी मजा. जुना एक पैसा म्हणजे १.५६२५ नवे पैसे, गोल करून दोन. जुने दोन पैसे म्हणजे ३.१२५, गोल करून तीन. म्हणजे पैशाची वस्तू दोनदा जाऊन आणली तर चार नवे पैसे, दोन वस्तू एकदम आणल्या तर तीन. आण्याच्या वस्तूला सुट्टी खरेदी स्वस्त, पैशाच्या वस्तूला घाऊक! मला त्या काळातला एक हुशार पोरगा नेहमी डोळ्यांपुढे येतो. आई त्याला आण्याआण्याच्या चार जिनसा आणायला पाठवते, तो चार खेपा घालतो, आणि वाचलेला एक नवा पैसा चड्डीच्या खिशात टाकतो. असा पोरगा खरोखर होता की नाही कोण जाणे, पण नसेल तर त्या पिढीने एक सोन्यासारखी संधी दवडली.

यात नियम काय निघतो? आधी सगळी बेरीज करा, राउंड अगदी शेवटी करा. मध्येच गोल केलेले आकडे पुढे जोडत गेलात की पैसे कुठूनतरी येतात किंवा कुठेतरी जातात. इंजिनिअरला हा नियम दोन ओळींत सांगता येतो. मी त्याला चवलीपासून सांगतो, कारण चवली कशी असते हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं. पुढे १९६४ मध्ये नव्या पैशातला ‘नवा’ गेला, आणि पंचवीस पैशांचं नाणं २०११ मध्ये बंद झालं, तोवर भाजीवाली त्याला चार आणेच म्हणत होती. सव्वासहाचा दशांश तिने एकदाही उच्चारला नाही, आणि तिचं काहीही अडलं नाही. ते तक्ते करणाऱ्यांना एक गोष्ट कळली होती : आकडा दुसऱ्याच्या हातावर ठेवता आला पाहिजे. सव्वासहा ठेवता येत नाही, सहा येतात. (कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. पुढे जातो.)

सरकारला हे बाकी ठिकाणीही कळतं, हे सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. भारतीय मानकांच्या यादीत मानक क्रमांक एक आहे राष्ट्रध्वजाचं. साहजिकच आहे. मग क्रमांक दोनवर काय असेल? पोलाद? सिमेंट? पिण्याचं पाणी? नाही. क्रमांक दोन आहे संख्या गोल कशा कराव्यात याच्या नियमांचं. आयएस २. आधी झेंडा, मग राउंडिंग! या देशाबद्दल माझ्या मनात जी काही श्रद्धा आहे तिच्यात या अनुक्रमाचा मोठा वाटा आहे. झेंड्याच्या मापांतही तेच शहाणपण आहे. २१ फूट बाय १४ फुटांचा मोठा झेंडा मेट्रिकमध्ये आला तो ६४००.८ बाय ४२६७.२ मिलिमीटर होऊन आला नाही, सरळ ६३०० बाय ४२०० झाला. तीनास दोन हे प्रमाण सांभाळलं, फुटाला ३०० धरले, विषय संपला. वस्तूच नवी शिवायची असेल तर जुन्या मापाची शेपटी कशाला ठेवायची? प्लायवूडवाल्यांचंही असंच. आठ बाय चारच्या शीटवर ते २४४० बाय १२२० छापतात. काटेकोर गुणाकार २४३८.४ येतो, पण करवतीची फटच त्या फरकाहून मोठी असते. आणि ज्या आयकर कायद्याला आपण कठोर म्हणतो, त्या १९६१ च्या कायद्यात एकूण उत्पन्न दहाच्या पटीत गोल करण्याचं कलम होतं. आयकराला जे जमतं ते पंपाच्या माहितीपुस्तकाला का जमू नये?

न जमल्यावर काय होतं, ते मी भोसरीच्या एका शेडमध्ये पाहिलं. एका नव्या यंत्राचं पुस्तक लिहायचं होतं म्हणून गेलो होतो. कोपऱ्यात दुसऱ्याच कुठल्या कंपनीचा कॉम्प्रेसर बसवणं चाललं होतं. साठीचे एक मिस्त्री गुडघ्यांवर बसून छिन्नीने भिंतीचं प्लास्टर उडवत होते. बाजूला पुस्तक उघडं, त्यावर तेलकट बोटांचे ठसे, आणि एका आकड्याखाली पेन्सिलीची जाड रेघ : ३०४.८. मी चाळवलो. माझा आकडा! व्याख्यानासाठी याहून उत्तम उदाहरण कुठलं मिळणार, म्हणून मी आधी मोबाइल काढून भिंतीचा फोटो घेतला. माणसाशी बोललो नंतर.

‘मिस्त्री, भिंत का फोडताय?’

‘साहेब, जागा कमी भरतीय. पुस्तकात तीनशे चार पॉइंट आठ दिलंय. इथं तीनशे तीन भरतंय.’ त्यांनी स्टीलची पट्टी लावून दाखवली. मग जरा वेळ थांबून म्हणाले, ‘पॉइंट आठ नेमकं कुठं धरायचं तेच दिसंना झालंय. पट्टीवर अर्ध्यापर्यंत खुणा हायेत. पहिलं दिसायचं सगळं, आता नजर राहिली नाही माझी.’

मी काही बोललो नाही. या माणसाने आयुष्यभर सुतात काम केलं. इंचाचा आठवा भाग तो नुसता बोट फिरवून सांगतो, दरवाजा एक सूत लागत असेल तर चौकटीकडे दुरून बघून सांगतो. आणि कुठल्यातरी वातानुकूलित खोलीत कुणीतरी न वाचता एक बटण दाबलं, ‘फूटभर’चा पॉइंट आठ झाला, आणि हा माणूस आता स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतो आहे. पुस्तकावर नाही. पुस्तक छापलेलं असतं ना! छापलेल्या पॉइंट आठमागे कुणीतरी शिकलेला माणूस असणार, त्याने विचार केला असणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. दशांशांचा मला खरा राग आहे तो इथे. चुकीचे असतात म्हणून नाही. ते उसन्या दागिन्यांसारखे मिरवतात एकाच्या अंगावर, आणि त्यांची भरपाई करतो दुसराच, ज्याने ते मागितलेसुद्धा नव्हते. दिवसभराची मजुरी त्या भिंतीत गेली होती. माझ्या फोनमध्ये तिचा सुरेख फोटो होता.

मी त्यांना म्हटलं, ‘मिस्त्री, हवा खेळायला जागा पाहिजे म्हणून लिहिलंय ते. एक वीत आणि चार बोटं सुटली की झालं.’

त्यांनी वीत टाकली, चार बोटं ठेवली. जागा होती. मग छिन्नी खाली ठेवून माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘मग तसं ल्ह्यायचं की हो!’

तसं लिहिता येत नाही. विती प्रत्येकाच्या निराळ्या, आणि छापील पुस्तकात वीत चालत नाही. पण ‘सुमारे ३०० मिलिमीटर’ लिहिता येतं, आणि कारणही लिहिता येतं : हवा खेळती राहण्यासाठी. कारण दिलं की वाचणाऱ्याला स्वतःच कळतं पॉइंट आठ धरायचा की सोडायचा. गेली काही वर्षं मी एवढंच करतो. आकडा गोल करतो आणि त्याच्याशेजारी कारण ठेवतो.

याचे पैसे मिळवणं मात्र अवघड आहे. मला शब्दांवर पैसे मिळतात, आणि ३०४.८ हाही एक शब्द, ३०० हाही एकच. परवा एका कंपनीच्या अकाउंट्समधून फोन आला.

‘सर, तुमचं बिल आलंय, पण कामाचं वर्णन सिस्टिममध्ये बसत नाहीये. तुम्ही लिहिलंय, आकडे कमी करणे. आकडे कमी करण्याचे पैसे कसे लावायचे? वाढवण्याचे असते तर समजलं असतं.’

मी मॅडमना सगळं समजावलं. फूटभर, कोमट पाणी, साखळीवरचे ११३ किलो. चवलीपर्यंत जाणार होतो, पण मागून कुणाचातरी डबा उघडल्याचा आवाज आला. शेवटी मी म्हटलं, ‘माझ्याच बिलाची शेवटची ओळ बघा. तुम्ही तिथे काय टाकलंय?’

‘राउंड ऑफ, मायनस शून्य पॉइंट चाळीस.’

‘का बरं?’

‘अहो सर, चाळीस पैसे कोण कुणाला देणार आहे?’

‘तेच तर! मी महिनाभर दुसरं काहीच केलेलं नाही.’

पलीकडे थोडा वेळ कीबोर्ड वाजला. मग त्या अगदी मदतीच्या सुरात म्हणाल्या, ‘सापडलं, सर. तुमचं अख्खं बिलच राउंड ऑफच्या हेडखाली टाकून देऊ का?’